जुन्या बाईकला फेअरिंग बसवू की नुसती विंडशील्ड?

पत्र्याचा_घोडा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकतो. बाईक जुनी आहे, ३५० सीसी, सिंगल सिलिंडर, एअरकूल्ड, कार्बोरेटर, गोल हेडलाइट. हँडल रुंद आणि उंच, म्हणजे आपण खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतो आणि अख्खी छाती वाऱ्याला देतो. ६० पर्यंत काही वाटत नाही, मजाच येते. पण हायवेला ८० च्या वर दोन तास धरले की मान आणि खांदे संपतात, आपण हँडल धरून लटकलोय असं वाटायला लागतं आणि घरी आल्यावर कानात अर्धा तास शिट्टी वाजत राहते. आता वय पंचेचाळीस पार, त्यामुळे हौस तीच पण मान ती नाही.

समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे हँडलला क्लॅम्पने लागणारी मोठी पारदर्शक विंडशील्ड. दुसरं म्हणजे एका मित्राच्या माळ्यावर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची फायबरची हाफ फेअरिंग (गाडीच्या पुढच्या भागाला वाऱ्यापासून आडोसा देणारं अर्धं कवच) पडून आहे, तो देतोय, फ्रेमला ब्रॅकेट मारून बसवावी लागेल. मनातून फेअरिंगच आवडलीये, खोटं कशाला बोलू. घरच्यांचं मत दोन्ही नको असं आहे पण त्यांचं मत बाईकच नको असंही आहे.

कोणी जुन्या गाडीवर दोन्हीपैकी काही वापरलंय का? अनुभव सांगा, फोटो बघून दिलेली मतं नकोत.


वाराखाऊ

विंडशील्ड. चार नट, अर्धा तास, आवडली नाही तर काढून ठेवा. विषय संपला.


नवखा_रायडर

फेअरिंग दादा!! लुक बघा ना, विंडशील्ड लावली की गाडी पोलीस पेट्रोलिंगची वाटते 😀


कोनसेट

विषय इतका लवकर संपत नाही वाराखाऊ, आणि लुकचं नंतर बघू.

घोडेराव, फेअरिंग की विंडशील्ड हा प्रश्न मी थोडा वेगळा विचारेन. वाऱ्याचा भार तुम्हाला गाडीच्या कुठल्या भागावर टांगायचाय, हँडलवर की फ्रेमवर? बाकी सगळं त्यातून निघतं.

जरा आकडेमोड करू, घाबरू नका. समजा स्क्रीन ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच आहे, म्हणजे साधारण ०.२ चौरस मीटर. फळीसारखी उभी धरली तर ६० च्या वेगाला तिच्यावर साधारण साडेतीन किलोचा दाब येतो, ८० ला सहा किलो, १०० ला साडेनऊच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, हे शाळेतलंच आहे. आणि हा हवेशी तुलनेतला वेग बरं का, काट्यावरचा नाही. तुम्ही ८० ने चाललाय आणि समोरून ३० चा वारा आहे तर स्क्रीनला ११० च लागतोय, म्हणजे अकरा किलोच्या वर. स्क्रीन मागे कललेली असली तर थोडं कमी, पण अंदाज आला असेल.

आत्ता हा भार तुमच्या छातीवर येतो, तिथून हातांवर, म्हणून खांदे दुखतात. हँडलवर स्क्रीन लावली की तोच भार हँडलच्या क्लॅम्पवर, तिथून टीवर (हँडल आणि पुढचे शॉकप धरणारा तुकडा), तिथून कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). फेअरिंग फ्रेमला असेल तर कोनसेटचा संबंधच येत नाही, भार सरळ फ्रेमच्या मुंडक्यावर. समोरच्या वाऱ्याचं ठीक आहे, तो दोन्हीकडे सारखा ढकलतो. बाजूचा वारा आला, नाहीतर मोठा ट्रक शेजारून गेला, की हँडलवरची स्क्रीन शिडासारखी काम करते आणि ते शीड तुमच्या स्टीअरिंगलाच बांधलेलं आहे. फ्रेमवरच्या फेअरिंगलाही बाजूचा वारा लागतो, कदाचित जास्तच लागेल कारण ती मोठी असते, पण ती अख्खी गाडी ढकलते, हँडल फिरवत नाही. दोन्ही अनुभव वेगळे आहेत. पहिला दचकवतो, दुसरा नुसता कंटाळा आणतो.

म्हणून आधी सांगा, कोनसेट शेवटचा कधी बघितलाय?


पत्र्याचा_घोडा

कोनसेट… म्हणजे… गाडी घेतली तेव्हापासून तोच असावा. 🙈 पण हँडल सरळ चालतं हो.


कोनसेट

सगळ्यांचं सरळच चालतं. मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरायला कोणालातरी मागे बसवा, शॉकपचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून पुढे मागे हलवा. टक् टक् लागलं तर बॉल रेस (कोनसेटच्या गोळ्या ज्यात फिरतात त्या वाट्या) सैल आहे. मग हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी हळू, एका बोटाने फिरवा. मधोमध आल्यावर खोबणीत बसल्यासारखं अडकलं तर रेसला खड्डे पडलेत, नुसतं टाइट करून भागणार नाही, बदलावा लागेल. हे न करता स्क्रीन लावू नका एवढीच विनंती.


फायबरवाला

मी दुसऱ्या पार्टीचा. सहा वर्षं झाली, ट्विन सिलिंडरच्या जुन्या गाडीवर फ्रेमची हाफ फेअरिंग आहे, काढायची इच्छा एकदाही झाली नाही.

लोक समजतात की फेअरिंग म्हणजे रेसिंगचं फॅड. टूरिंगसाठी लावलेल्या फेअरिंगचा इतिहास चांगला मोठा आहे. अमेरिकेत क्रेग व्हेटरने १९७१ मध्ये विंडजॅमर काढली, फ्रेमला लागणारी, आणि गंमत अशी की फेअरिंग तीच, फक्त ब्रॅकेट प्रत्येक गाडीचा वेगळा. म्हणजे तुम्ही आज जे करू बघताय तोच त्याचा धंदा होता. मग १९७६ ला बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस आली, तिची फेअरिंग पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये बसून घडवली होती, तीही फ्रेमवर. त्याआधी १९७३ च्या आर ९० एस ला छोटी फेअरिंग होती ती मात्र शॉकपबरोबर फिरणारी. हार्लेकडे तर आजही दोन्ही पंथ नांदतात, बॅटविंग १९६९ पासून हँडलबरोबर फिरते आणि रोड ग्लाइडची फ्रेमवर गप्प बसते. त्यांच्या लोकांची यावर भांडणं आपल्यापेक्षा जोरात होतात.

कोनसेट म्हणतात ते मान्य, भार फ्रेमवर जाणं हा खरा फायदा. हाताला वजन शून्य. पावसात गुडघ्याच्या वरचा भाग बऱ्यापैकी कोरडा. मागे दोन कप्पे आहेत त्यात हातमोजे आणि पाना राहतो. आणि ९० ला माझ्याशी मागचा माणूस बोलू शकतो, हे लग्न झालेल्या लोकांना फायदा वाटेल की तोटा ते ज्याचं त्याने ठरवावं.


मागची_सीट

फायबरवाला, मागच्या माणसाच्या वतीने मी बोलते कारण मी तीच आहे, अकरा वर्षांपासून. आमच्याकडे विंडशील्ड आहे. नवरा खूश, म्हणे काय शांत झालंय सगळं. आणि माझ्या डोक्यावर टपल्या. तो पुढे ठेंगणा, मी मागे उंच सीटवर, स्क्रीनवरून उडालेला वारा त्याच्या हेल्मेटवरून जाऊन बरोब्बर माझ्या हेल्मेटवर फुटायचा. स्क्रीन नव्हती तेव्हा निदान सरळ वारा होता, त्याच्यात मान टेकवून झोप तरी यायची (हो, येते). ही तर फडफड, डावीकडून उजवीकडून, एक तासात डोळ्यापुढे धूसर.

त्यामुळे घोडेराव, मागे कोणी बसणार असेल तर ट्रायलला त्यांना बसवूनच न्या. आणि त्यांनी तक्रार केली तर "हेल्मेट सैल असेल" म्हणू नका. मी ते सहा महिने ऐकलंय.


कोनसेट

ताई, लाख बोललात. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

स्क्रीन वारा अडवत नाही, उचलते. उचललेला वारा कुठेतरी खाली पडणारच. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून स्वच्छ प्रवाह निघतो, आणि स्क्रीनच्या मागे दाब कमी झालेला असतो, तो दाब भरून काढायला हवा मागून आणि बाजूंनी आत शिरते. स्वच्छ हवा आणि ही शिरलेली हवा जिथे भेटतात तिथे भोवरे होतात. ते भोवरे हेल्मेटवर आले की टपल्या, खांद्यावर आले की जॅकेट फडफडतं, डोक्याच्या वरून गेले की तुम्ही म्हणता "काय भारी स्क्रीन आहे". त्याच स्क्रीनबद्दल एक जण भारी म्हणतो आणि दुसरा भंगार, कारण दोघांच्या उंचीत चार इंचांचा फरक असतो. म्हणून दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचून स्क्रीनची उंची ठरवू नये.

मोजायची सोपी पद्धत सांगतो. ६० च्या आसपास, मोकळा सरळ रस्ता, डावा हात क्षणभर सोडून पंजा आडवा धरून स्क्रीनच्या वरच्या कडेपासून हळूहळू आपल्या हेल्मेटकडे आणा. कुठे हवा शांत आहे, कुठे पंजा थरथरतो, कुठे एकदम सरळ मार बसतो, ते लगेच कळतं. थरथरणारा पट्टा तुमच्या हेल्मेटच्या मध्यावर असेल तर स्क्रीन एकतर कमी करा किंवा वाढवा, अधेमधे ठेवू नका.

आणि उंची किती, तर वरची कड नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत. नजर स्क्रीनच्या वरून जायला पाहिजे, आरपार नाही. आरपार बघायची उंच स्क्रीन दिवसा कोरडी असताना छान वाटते. रात्री समोरून लाइट आला, वर पावसाचे थेंब, वर दोन वर्षांचे ओरखडे, मग रस्ता शोधायचा की देव आठवायचा. कारला वायपर असतो, आपल्याला नसतो.


वाराखाऊ

खालून थोडी फट ठेवली की टपल्या कमी होतात असं ऐकलंय. खरंय का?


कोनसेट

खरंय. खालून थोडी हवा आत आली की मागचा कमी दाब भरतो, वरून हवा ओढली जात नाही. हेडलाइट आणि स्क्रीनच्या मधली फट लोक रबर लावून बंद करतात, अगदी उलटं आहे ते. आधी फट मोठी करून बघायची, स्क्रीनचा कोन बदलायचा, मग कापायचं.


नवखा_रायडर

बरं मग स्टीअरिंग डँपर (हँडलचे झटके मंदावणारा) लावला तर? बाजूचा वारा, थरथर सगळंच जाईल ना?


फायबरवाला

जाणार नाही, लपेल. ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्यासारखं. आधी कोनसेट, पुढच्या टायरची हवा, स्विंग आर्मचे बुश, मागच्या चाकाचा प्ले हे सगळं बघायचं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून, मागची पेटी. जुन्या गाडीला लोक मागे कॅरिअरवर मोठी टॉप बॉक्स लावतात, ती मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते, पुढचं चाक हलकं होतं. वर पुढे उंच स्क्रीन, तिच्यावर वाऱ्याचा मार इतका उंचावर की तोही गाडीला मागेच रेटतो, पुढचं चाक आणखी हलकं. मग ९० ला गाडी डुलायला लागली की दोष स्क्रीनला. सामान खाली आणि पुढे आणा, टाकीवर बॅग ठेवा, निम्मा त्रास तिथेच जातो.


पत्र्याचा_घोडा

एवढं कळेल असं वाटलं नव्हतं, आभार. पण फेअरिंगवाल्यांनो, तोटेही सांगा की प्रामाणिकपणे. मित्र म्हणतो "एक दिवसाचं काम आहे".


फायबरवाला

एक दिवसाचं? हा हा. माझे पाच रविवार गेले आणि तेही गाडीचाच ब्रॅकेट हाताशी असताना.

ऐका. पहिलं म्हणजे हँडल. तुमचं रुंद आणि उंच आहे. फेअरिंग कमी रुंदीच्या हँडलसाठी बनलेली असणार. पूर्ण डावीकडे वळवल्यावर क्लच लिव्हर फेअरिंगला घासेल किंवा त्याहून वाईट म्हणजे अंगठा टाकी आणि लिव्हरच्या मधे सापडेल. यू टर्न घेताना हे कळलं की मग आपण गाडीसकट खाली. म्हणून आधी फेअरिंग दोरीने टांगून, दोन्ही बाजूंना फुल लॉक करून बघा. इथेच बहुतेक जुन्या गाड्यांचा प्रकल्प बारगळतो आणि तो बारगळलेलाच बरा.

दुसरं, हेडलाइट. फ्रेमच्या फेअरिंगमध्ये बसवलेला दिवा हँडलबरोबर वळत नाही. हायवेला फरक पडत नाही, पण रात्री अंधाऱ्या गल्लीत हळू वळताना दिवा भिंतीवर आणि गाडी खड्ड्यात. सवय होते, पण पहिला महिना जपून.

तिसरं, वायरिंग आणि केबल. जुनी वायर वीस पंचवीस वर्षांची कडक झालेली असते, ती ओढली की आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. इंडिकेटर फेअरिंगवर गेले की त्यांची अर्थिंग जाते कारण फायबरमधून करंट जात नाही, वेगळी अर्थची वायर फ्रेमपर्यंत ओढावी लागते. मी दोन दिवस बल्ब बदलत बसलो होतो, नंतर ट्यूब पेटली.

चौथं, सिंगल सिलिंडर. तुमची गाडी थरथरते, माझी त्यामानाने कमी. ती थरथर ब्रॅकेटला वेल्डिंगच्या शेजारी तोडते. पट्टीचा ब्रॅकेट नको, पाइपचा त्रिकोणी घ्या, आणि फायबर आणि ब्रॅकेटच्या मधे प्रत्येक ठिकाणी रबर बुश. ब्रॅकेट फ्रेमच्या मुंडक्याजवळ आणि खाली इंजिन माउंटच्या बोल्टवर धरा, फ्रेमला भोकं पाडायची नाहीत आणि जुन्या फ्रेमवर वेल्डिंग तर अजिबात नाही.

पाचवं, एअरकूल्ड. हाफ फेअरिंगने सहसा अडचण येत नाही कारण इंजिन उघडं राहतं. पायांपर्यंत येणारे लोअर्स लावले की फिन्सवरचा वारा तुटतो आणि सगळी गरमी गुडघ्यांवर. थंडीत मजा, बाकी वेळ इस्त्री.

टॅपेट सेटिंग, टाकी काढणं, प्लग, सगळ्याला अर्धा तास जास्त. आमचा मेकॅनिक माझी गाडी दिसली की चहाला जातो.


पत्र्याचा_घोडा

काल मित्राच्या माळ्यावरून खाली काढून दोरीने टांगली. उजवीकडे फुल लॉकला ब्रेक लिव्हर पुरता तीन बोटं आत घुसतोय. हँडल बदललं तर बसेल पण मग ताठ बसणं गेलं, आणि ते घालवायचं नव्हतं म्हणूनच तर सगळा खटाटोप. मन खट्टू झालं खरं. शिवाय आतल्या बाजूला दोन लांब तडे आहेत जे रंगामुळे बाहेरून दिसत नव्हते.


फायबरवाला

तडा फायबरचा असेल तर रिपेअर होतो, ते कारण देऊ नका 😀 टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग आतून घासून मॅट आणि रेझिनचे दोन थर. एबीएस प्लास्टिक असतं तर वेगळं, त्याला एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून ती खळ भरतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पण लिव्हर अडतोय म्हणजे नाहीच. मी फेअरिंगवाला असून सांगतो, सोडा.


मागची_सीट

तीन बोटं म्हणजे यू टर्नला नक्की पडला असतात. बरं झालं आधी टांगून बघितली.


पत्र्याचा_घोडा

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय)

तर मंडळी, विंडशील्ड आणली, पॉलिकार्बोनेटची. आणि कोनसेटरावांचं न ऐकता आधी स्क्रीन लावली, कारण रविवार होता आणि हात शिवशिवत होते. शिव्या खायला तयार आहे.

७० पर्यंत स्वर्ग. छातीवर काही नाही, खांदे सैल, हातात नुसतं हँडल धरलंय. ७५ ला हेल्मेटवर टपल्या सुरू. ८५ ला एक लांब ट्रेलर ओव्हरटेक केला, त्याच्या तोंडापुढे निघालो तेव्हा बाजूचा वारा लागला आणि हँडल दोनदा डावी उजवीकडे असं काही झटकलं की पोटात गोळा आला. वेग कमी केला, थांबलो, पाणी प्यायलो, परत येताना साठच्या वर गेलो नाही.

घरी येऊन स्टँडवर घेतली. शॉकप हलवला. टक् टक्. हँडल एका बोटाने फिरवलं तर मधोमध बरोब्बर खोबणीत बसतंय. म्हणजे इतकी वर्षं "सरळ चालतं" म्हणत होतो ते त्या खड्ड्यामुळे चालत होतं! स्क्रीनने नवीन काही केलं नाही, होतं ते दाखवलं.


कोनसेट

शिव्या देत नाही, पोटात गोळा आला ती पुरेशी आहे. रेस बदला, दोन्ही, वरची खालची. ग्रीस भरून लावा. टाइट करताना नियम असा की प्ले गेला पाहिजे पण पुढचं चाक हवेत असताना हँडल हलक्या टिचकीने आपल्या वजनाने टोकाला पडलं पाहिजे. जास्त टाइट केलं तर गाडी हळू वेगात दारू प्यायल्यासारखी चालते, आणि ते सैलपेक्षा काही कमी धोक्याचं नाही. २००-३०० किलोमीटरनंतर परत एकदा बघा, नवीन रेस बसते.

स्क्रीन लावल्यावर अजून एक, इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा. आयडलिंग वाढलं तर क्लॅम्पने थ्रॉटल केबल ताणलीये.


पत्र्याचा_घोडा

रेस बदलल्या. जुनी काढली तर खालच्या वाटीला गोळ्यांचे ठसे मोजता येत होते इतके स्पष्ट. केबल खरंच ताणलेली होती, उजवीकडे वळवलं की इंजिन आपोआप रेस व्हायचं, क्लॅम्प बोटभर सरकवला.

गाडी आता दुसरीच आहे. त्याच रस्त्यावर, तसाच ट्रक, गाडी बाजूला ढकलली गेली पण हँडल शांत. टपल्या मात्र आहेतच. पंजाची टेस्ट केली, थरथरणारा पट्टा बरोबर डोळ्यांच्या रेषेत. स्क्रीनची कडही डोळ्यांसमोरच येते, एक आडवी रेघ सतत दिसते. कोन बदलला, खालची फट वाढवली, थोडं बरं पण पुरेसं नाही. कापू का? कापायची छाती होत नाहीये.


फायबरवाला

कापा, पण शिंप्यासारखं, आधी थोडं सोडून. एकदम दोन इंच उडवू नका, कापलेली परत वाढत नाही. दोन दोन सेंमी करत, प्रत्येक वेळी चालवून बघत.

दोन्ही बाजूंना रुंद मास्किंग टेप लावा, टेपवर रेघ मारा, जिगसॉला बारीक दात्यांचं पातं, वेग कमी. वेग जास्त झाला तर पॉलिकार्बोनेट वितळून पात्यामागे परत चिकटतं. मग कानशीने कड गोल करा आणि ओला वॉटर पेपर ४०० ने सुरू करून ८०० पर्यंत. कड गोल करणं शोभेसाठी नाही, पडलात तर ती कड गळ्याच्या उंचीवर आहे.

ॲक्रिलिकची असती तर मी कापायला सांगताना दहादा विचार केला असता, ती भोक पाडतानासुद्धा तडकते. पॉलिकार्बोनेट दगड सहन करतं पण ओरखडे पटकन घेतं, ॲक्रिलिकचं उलट.


वाराखाऊ

आणि साफ करताना काचेचा निळा स्प्रे वापरू नका, अमोनिया असतो त्यात, पॉलिकार्बोनेट धुरकट होतं. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं नुसतं टाकून ठेवा, घासायचं नाही. एवढं तरी मला येतं.


कोनसेट

पेट्रोल, ब्रेक ऑइलही लांब ठेवा. आणि बोल्ट सुटू नयेत म्हणून जे थ्रेडलॉक टाकतात ते पॉलिकार्बोनेटजवळ बिलकुल नको, भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट वापरा, रबराचे वॉशर, भोक बोल्टपेक्षा एक दोन मिलिमीटर मोठं, आणि हाताने घट्ट झालं की वर पाव आटा, बास. स्क्रीनला जरा हलायला जागा लागते.


पत्र्याचा_घोडा

शेवटचा रिपोर्ट. तीन हप्त्यांत मिळून साडेपाच सेंमी कापली. पहिल्या दोन सेंमीला टपल्या वाढल्या (!), घाबरलो, पण तुम्ही म्हणालात अधेमधे ठेवू नका म्हणून पुढे गेलो. आता कड हनुवटीच्या रेषेत, हेल्मेटला स्वच्छ सरळ वारा लागतो, छाती आणि खांदे पूर्ण आडोशाला. आवाज गेला नाही, तो हेल्मेटला वारा लागतोय तोवर जाणारही नाही, म्हणून कानात इअरप्लग घालायला लागलो आणि हे आधीच का केलं नाही असं झालंय. परवा चार तास सलग ८० ने गेलो, उतरल्यावर मान जागेवर होती. टॉप स्पीड थोडा कमी झालाय, पण या गाडीचा टॉप स्पीड बघायला मी कधी गेलो होतो.

मागे बायकोला बसवून ट्रायल घेतली. तिचं म्हणणं आधीपेक्षा बरं, पण जॅकेटची कॉलर फडफडते. मी "हेल्मेट सैल असेल" म्हणालो नाही.


मागची_सीट

शहाणे आहात.


फायबरवाला

आणि ती माळ्यावरची फेअरिंग?


पत्र्याचा_घोडा

मित्राला म्हटलंय ठेव अजून. क्लिप-ऑन (खाली, शॉकपला लागणाऱ्या) हँडलची एखादी गाडी आलीच आयुष्यात तर. (घरी हे सांगितलेलं नाही.)


नवखा_रायडर

दादा कापलेल्या पट्ट्या टाकल्या का? फोटो टाका ना.


पत्र्याचा_घोडा

टाकल्या नाहीत, कामी आल्या. एका पट्टीला भोक पाडून बोल्ट कसला, थ्रेडलॉकचा एक थेंब सोडला आणि पट्टी जरा वाकवून शिकंज्यात धरून रात्रभर ठेवली. कोनसेटरावांवर अविश्वास नाही, पण बघायचं होतं. सकाळी भोकाभोवती खरंच जाळं. दुसऱ्या पट्टीवर आता पॉलिशची ट्रायल चालू आहे, डावीकडचा अर्धा भाग टूथपेस्टने घासलाय, उजवीकडचा प्लास्टिक पॉलिशने. डावा अर्धा आत्ताच दुधी दिसतोय. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.